गावच्या गटातला प्रश्न आणि शासनाचे मौन

प्रति,
मा. मुख्य सचिव, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
आणि
मा. महासंचालक, माहिती व जनसंपर्क महासंचालनालय, मुंबई

विषय : समाजमाध्यमांवरील लोकमताची छाननी, शासकीय कर्मचाऱ्यांवरील निर्बंध आणि नागरिकांच्या प्रश्नांना न मिळणारी उत्तरे याबाबत.

महोदय,

मी मराठवाड्यातील एका कोरडवाहू गावात राहणारी, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ३१ वर्षे शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. २०१६ साली चौथीच्या पालकांना शाळेच्या सूचना कळाव्यात म्हणून मी व्हॉट्सॲपवर एक गट तयार केला होता. मुले पुढे गेली, पालक मात्र गटातच राहिले, त्यांनी आपापल्या भावकीला जोडून घेतले, आणि आज त्या गटात गावातील जवळजवळ प्रत्येक घरातले कोणी ना कोणी आहे. शासनाविषयी गावाचे मत पूर्वी पारावर, पिठाच्या गिरणीत आणि बाजारच्या एसटीत ठरत असे. आता ते या गटात ठरते. ते कसे ठरते हे गटाची ॲडमिन या नात्याने मी रोज पाहते. मी कोणत्याही पक्षाची सभासद नाही आणि या पत्रातील एकही तक्रार एका पक्षाच्या सरकारपुरती नाही.

आपण २०२५ साली काढलेले दोन आदेश एकमेकांशेजारी ठेवून वाचले, तेव्हा हे पत्र लिहिल्यावाचून राहवेना. ५ मार्च २०२५ च्या शासन निर्णयाने मुद्रित, दृक्‌श्राव्य आणि डिजिटल माध्यमांत शासनाविषयी काय छापले आणि दाखवले जाते याची छाननी करणारे मीडिया मॉनिटरिंग सेंटर मंजूर झाले. त्यासाठी १० कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली, ते सकाळी ८ ते रात्री १० चालेल असे ठरले आणि मजकुराची सकारात्मक व नकारात्मक अशी वर्गवारी करण्याचे काम त्याच्याकडे सोपवले गेले. पुढे २८ जुलै २०२५ रोजी सामान्य प्रशासन विभागाने राज्य शासनाच्या, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, महामंडळांच्या आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापराबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. पहिल्या आदेशाने शासन लोकांचे बोलणे टिपून घेते. दुसऱ्याने शासनाची जी माणसे प्रत्यक्ष गावात राहतात त्यांना गप्प बसवते. लोक जे विचारतात त्याला उत्तर देण्याचे काम मात्र या दोन्ही आदेशांत गावपातळीवरच्या कोणाकडेच सोपवलेले नाही, आणि माझे सगळे म्हणणे या रिकाम्या जागेविषयी आहे.

ती जागा किती महाग पडते हे सांगण्यासाठी आमच्या गल्लीतील एका घटनेचा तपशील आपणास देणे भाग आहे.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या लाभार्थी महिलांना १८ सप्टेंबर २०२५ रोजी ई-केवायसी सक्तीची करण्यात आली आणि तिच्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली गेली. संकेतस्थळ महिलेच्या आधार क्रमांकासोबत तिच्या पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागत होते आणि त्यांच्या फोनवर आलेला ओटीपी भरल्याशिवाय पुढे सरकत नव्हते. माझ्या घरापासून चार घरे सोडून एक शेतमजूर बाई राहते. तिचा नवरा जाऊन नऊ वर्षे झाली आणि वडील त्याच्याही आधी गेले. तिला लिहिता-वाचता येत नाही, म्हणून ती फोनवर चित्रफिती पाहते आणि बोललेले संदेश ऐकते. दरमहा येणाऱ्या १,५०० रुपयांतून ती मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणाची फी हप्त्याहप्त्याने भरते. ती तालुक्याच्या एका सेवा केंद्रात मजुरी बुडवून दोनदा गेली, दोन्ही वेळा तिच्याकडून दीडशे रुपये घेतले गेले, आणि दोन्ही वेळा तिला एवढेच सांगितले गेले की पुढे जात नाही, नंतर या.

दुसऱ्यांदा परत आली त्याच संध्याकाळी आमच्या गटात एक चित्रफीत आली. लाल अक्षरांत 'मोठी बातमी' लिहिलेले होते, पाठीमागे मंत्रालयाचे छायाचित्र होते, आणि एक तरुण खात्रीच्या आवाजात सांगत होता की विधवा महिलांना योजनेतून वगळण्यात आले आहे. रात्री नऊपर्यंत ती चित्रफीत चार जणांनी चार वेळा टाकली. मी योजनेच्या मदत क्रमांकावर फोन लावला, तो लागला नाही. एका शासकीय कार्यालयाचे फेसबुक पान उघडले, तिथे त्या दिवशी सत्काराची सहा छायाचित्रे होती आणि त्यांखाली बायकांनी विचारलेल्या अकरा प्रश्नांना एकही उत्तर नव्हते. शेवटी मी अंगणवाडी सेविकेकडे गेले. ती माझी विद्यार्थिनी आहे. ती दार लोटून घेत म्हणाली, “बाई, वगळलेलं नाही. वरून सांगितलंय की थांबा, काहीतरी मार्ग निघणार आहे. पण हे मी गटात लिहिलं आणि कोणी स्क्रीनशॉट काढला तर माझ्यावर येईल. माझं नाव घेऊ नका.”

मी तिचे नाव घेतले नाही. गटात मी लिहिले की ही बातमी खोटी असावी, घाबरू नका. त्यावर एका तरुणाने लगेच विचारले, “बाई, तुमच्याकडे पुरावा आहे का?” आणि माझ्याकडे पुरावा नव्हता. ज्या एका व्यक्तीला खरे ठाऊक होते ती त्याच गटात होती आणि गप्प होती.

मार्ग निघाला. नोव्हेंबरात मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवण्यात आली आणि ज्यांचे पती व वडील हयात नाहीत अशा महिलांनी मृत्यूचे दाखले अंगणवाडी सेविकेकडे द्यावेत अशी सोय झाली. निर्णय योग्य होता, त्याबद्दल मी शासनाची आभारी आहे. परंतु मधले जवळजवळ दोन महिने आमच्या गावाला त्या लाल अक्षरांवाचून दुसरे काहीही ऐकू आले नव्हते, आणि एवढ्या काळात मत बनून जाते. ही बातमी मी तिला सांगायला गेले तेव्हा ती म्हणाली, “सगळ्यांनी ओरड केली म्हणून दिलं.” म्हणजे शासनाने तिचे काम केले, तरी तिच्या मनात शासनाविषयी विश्वास बसला नाही, ओरड केल्याशिवाय काही मिळत नाही हा समज तेवढा पक्का झाला. गटातल्या तरुणांनीही तेच ओळखले आहे. शांतपणे विचारलेल्या प्रश्नाला उत्तर येत नाही, आणि संतापाने फिरवलेली चित्रफीत कुठेतरी पोचते. अशा चित्रफिती करणाऱ्यांना प्रेक्षक मिळवून देण्याचे काम या मौनाने केले आहे.

शासनाला हे जमत नाही असे मी म्हणणार नाही, कारण ते जमलेले मी पाहिले आहे. २०२० साली टाळेबंदीच्या काळात तत्कालीन मुख्यमंत्री फेसबुकवरून थेट बोलत आणि आमच्या गावातील दहा-दहा माणसे एका फोनभोवती दूर दूर बसून ते ऐकत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या दिवसांत दररोज संध्याकाळी रुग्णांचे आणि मृत्यूंचे आकडे येत असत. आकडे वाईट होते आणि काही दिवस फारच वाईट होते. तरीही लोक ते पत्रक येईपर्यंत थांबत आणि गटात आलेला दुसरा आकडा त्याच्याशी ताडून पाहत. ज्या शासनाने आपल्याला वाईट बातमी स्वतःहून सांगितली, त्याने सांगितलेल्या चांगल्या बातमीवर विश्वास ठेवायला लोक तयार होते. टाळेबंदीतल्या अनेक गोष्टींवर आमच्या गावाचा राग होता आणि परतणाऱ्या मजुरांच्या हालांवर तर तो आजही आहे, पण त्या पत्रकावर कोणी संशय घेतल्याचे मला आठवत नाही.

अफवांचे संकटही मी कमी लेखत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेने जमाव पेटला आणि भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठेचून मारण्यात आले. ती बातमी वाचल्यापासून आमच्या गटात अनोळखी माणसाचे छायाचित्र आले की मी ते आधी काढून टाकते आणि मग चौकशी करते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती आवश्यक होती. म्हणून शासनाने समाजमाध्यमांकडे लक्षच देऊ नये असे मी म्हणत नाही. ते लक्ष कशावर आणि कशासाठी असावे, याबद्दल माझ्या तक्रारी आहेत.

पहिली तक्रार वर्गवारीची आहे. आमच्या गल्लीतील त्या बाईचा प्रश्न 'माझा नवरा हयात नाही, मी कोणाचा आधार क्रमांक टाकू?' एवढाच होता. हा प्रश्न सकारात्मकही नाही आणि नकारात्मकही नाही, तो एका संगणकीय अर्जातील उणिवेची पहिली खबर आहे. मजकुराचे दोनच रकाने केले की अशा प्रश्नाला नकारात्मक रकान्यात टाकले जाते, आणि त्या रकान्याकडे पाहणारा अधिकारी तिचे म्हणणे शासनाच्या प्रतिमेला लागलेला डाग म्हणून वाचतो. मुंबई इलाख्यातील ब्रिटिश सरकारही देशी वृत्तपत्रांत काय छापून आले याचा गोषवारा दर आठवड्याला इंग्रजीत तयार करून घेत असे. राज्य करणारे परके होते आणि प्रजेला कशाचा राग आला आहे हे त्यांना अशा अहवालांतून समजून घ्यावे लागे. आपण परके नाही. आपल्या विभागांची माणसे आमच्या गावात राहतात, आमच्याच विहिरीचे पाणी पितात.

शिवाय ज्या जागी मत बनते ती जागा कोणत्याही मॉनिटरिंग सेंटरला दिसणार नाही. व्हॉट्सॲपवरचे संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज इतरांना वाचता येत नाहीत, आणि ते तसेच राहिले पाहिजेत असेच माझे मत आहे. दिशाभूल करणारी बातमी कोणती हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्याविषयी बातमी आहे त्यानेच घेणे किती धोक्याचे असते, हे आपल्याच राज्याच्या उच्च न्यायालयासमोर आलेले आहे. केंद्र सरकारने ६ एप्रिल २०२३ रोजी माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून आपल्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा ठरवण्यासाठी तथ्य तपासणी कक्षाची तरतूद केली होती. ३१ जानेवारी २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते भिन्न पडली, प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेले, आणि न्या. अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवणारे मत दिले. खोटे, असत्य, दिशाभूल करणारे या शब्दांची व्याख्याच नाही, हे त्यातील एक प्रमुख कारण होते. राज्याच्या मॉनिटरिंग सेंटरकडून आज खुलासेच अपेक्षित आहेत हे मी जाणते. तरी 'दिशाभूल करणारी' हा तोच व्याख्या नसलेला शब्द राज्याच्या ५ मार्चच्या निर्णयात पुन्हा का यावा, हे मला समजलेले नाही.

दुसरी तक्रार कर्मचाऱ्यांविषयीची आहे आणि ती मला सर्वांत जास्त लागते, कारण मी त्याच सेवेत होते. २८ जुलै २०२५ च्या सूचनांतील काही गोष्टी मला मान्य आहेत. गोपनीय कागद बाहेर जाऊ नये, वैयक्तिक आणि कार्यालयीन खाते वेगळे असावे, बदली झाल्यावर कार्यालयीन खाते रीतसर सोपवावे, शासकीय वाहनासोबत किंवा गणवेशात छायाचित्रे काढून स्वतःची जाहिरात करू नये, याला कोणाचा विरोध असेल? आमच्या सेवेच्या वर्तणूक नियमांतही बंधने होती आणि आम्ही ती पाळली. परंतु राज्य किंवा केंद्र शासनाच्या चालू वा अलीकडच्या धोरणावर टीका करू नये आणि योजनांची माहिती प्राधिकृत व्यक्तीनेच पूर्वपरवानगीने द्यावी, ही दोन वाक्ये एकत्र आली की गावात त्यांचा अर्थ एकच घेतला जातो: काही लिहू नका. 'या अर्जात विधवांची अडचण होते आहे' ही टीका आहे की माहिती? 'मुदत वाढली आहे' हे सांगायला परवानगी कोणाची घ्यायची? मानधनावर काम करणाऱ्या अंगणवाडी सेविकेला त्या सूचना लागू होतात की नाही हे माझ्या विद्यार्थिनीला कोणी सांगितले नव्हते. शिस्तभंगाची कारवाई हे शब्द तेवढे तिच्या कानावर आले होते आणि गप्प बसायला ते पुरेसे झाले.

माझ्या नोकरीच्या काळात पटपडताळणी आली, पोषण आहार आला, शौचालयांची मोजणी आली, आणि प्रत्येक वेळी गावाने आधी आम्हा शिक्षकांना, तलाठ्याला, ग्रामसेवकाला विचारले. आम्ही सांगितलेले सगळे शासनाला गोड वाटेल असे नसे. पण “बाई म्हणतात म्हणजे असेल” हा जो भरवसा होता, तो शासनाचाच भरवसा होता, तो फक्त आमच्या तोंडून व्यक्त होत होता. आज गावातील सर्वांत माहितगार माणसे सर्वांत मुकी झाली आहेत, आणि त्यांची जागा कधी गावात पाऊलही न टाकलेल्या चित्रफितवाल्यांनी घेतली आहे.

तिसरी तक्रार पैशांची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या प्रसिद्धीसाठी सुमारे २०० कोटी रुपयांचा आराखडा मंजूर झाला. त्याच वर्षी योजना घरोघरी सांगण्यासाठी महिना १०,००० रुपये मानधनावर ५०,००० योजनादूत नेमण्याची कल्पना पुढे आली. याआधी मे २०२१ मध्ये, दुसऱ्या आघाडीच्या सरकारच्या काळात, उपमुख्यमंत्र्यांची समाजमाध्यमे सांभाळण्यासाठी बाहेरच्या संस्थेवर सुमारे ६ कोटी रुपये खर्च करण्याचा निर्णय निघाला होता आणि टीका झाल्यावर तो लगेच रद्द करावा लागला. लोकांपर्यंत योजना पोचवण्यासाठी पैसे लागतात हे मला कळते. पण योजना किती छान आहे हे सांगायला एवढा निधी असताना, अर्ज अडला तर काय करावे हे सांगायला एक लागणारा फोन क्रमांक नसावा, हे मला पटत नाही. आणखी एक गोष्ट. समाजमाध्यमांवर साबणाची किंवा क्रीमची स्तुती करणाऱ्या प्रभावकाने (इन्फ्लुएन्सरने) ती पैसे घेऊन केली असल्यास तसे स्पष्ट लिहावे, अशा मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये दिल्या. मग जी चित्रफीत शासनाच्या योजनेची स्तुती करते आणि जिच्यासाठी माझ्या करातून पैसे गेलेले आहेत, तिच्यावर ही जाहिरात आहे एवढे दोन शब्द का नसावेत?

चौथी तक्रार निर्णय लोकांपर्यंत पोचण्याची आहे. शासन निर्णय संकेतस्थळावर येतात ही चांगली सोय आहे आणि मी ती वापरते. परंतु पाच पानांचा संदर्भ-प्रस्तावना असलेला निर्णय फोनच्या पडद्यावर वाचून त्याचा अर्थ लावणे माझ्यासारखीलाही जड जाते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तो निघालेलाच नसतो. त्याचा सोपा अर्थ मग यूट्यूबवरचा कोणीतरी लावतो, त्याच्या सोयीने, त्याच्या घाईने. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ नुसार जनतेवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व तथ्ये प्रसिद्ध करणे आणि बाधित व्यक्तींना निर्णयाची कारणे देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. त्यासाठी कोणी अर्ज करावा लागत नाही. हे कलम पाळले जात नाही म्हणून अर्ज होतात, अर्जांवर उत्तर येत नाही म्हणून अपिले होतात, आणि राज्य माहिती आयोगाकडील प्रलंबित प्रकरणांची संख्या अलीकडच्या वर्षांत लाखाच्या घरात गेलेली आहे.

पाचवी तक्रार माझी स्वतःची आहे. एका उन्हाळ्यात आमच्या वस्तीवर चार दिवस टँकर आला नाही. रिकाम्या टाकीचे आणि रांगेत ठेवलेल्या हंड्यांचे छायाचित्र मी फेसबुकवर टाकले आणि खाली फक्त तारीख लिहिली. दुसऱ्या दिवशी टँकर आला, आणि त्याच दुपारी तालुक्याच्या एका कार्यालयातून फोन आला की आता पाणी मिळाले आहे, छायाचित्र काढून टाका, तुमच्या पेन्शनची कामे पुढेमागे आमच्याकडेच येतील. मी ते काढले नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि माझ्या मुलाने दोन वेळा फोन करून “आई, कशाला?” असे विचारले. २०१२ साली पालघरमध्ये एका फेसबुक नोंदीवरून दोन तरुणींना अटक झाली होती. ज्या कलमाखाली ती झाली ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. कलम गेले, तरी फोन करून पोस्ट काढायला लावण्याची सवय खालच्या पातळीवर तशीच राहिली आहे. तिची कुठे नोंद होत नाही, म्हणून तिच्याविरुद्ध दादही मागता येत नाही.

सहावी तक्रार थोडक्यात सांगते. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस आरक्षण आंदोलनाच्या वेळी मराठवाड्याच्या काही भागांत इंटरनेट बंद करण्यात आले, फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा. जाळपोळ झाली होती आणि पोलिसांची चिंता खरी होती. पण त्या दिवसांत अफवा थांबल्या नाहीत, त्या साध्या फोनवरून फिरत राहिल्या. थांबले ते त्या खोट्या आहेत हे ताडून पाहण्याचे साधन. इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत असे सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी काश्मीरसंबंधीच्या निकालात स्पष्ट केलेले आहे. तरी आमच्या गावाला तो आदेश कोणी दाखवला नाही. इंटरनेट गेले आहे हे आम्हाला दुकानात फोनवरून पैसे जाईनात तेव्हा कळले.

आता मागण्या सांगते.

मीडिया मॉनिटरिंग सेंटरने शासनाविषयीच्या मजकुराची सकारात्मक आणि नकारात्मक अशी वर्गवारी थांबवावी. त्याच मनुष्यबळाने आणि त्याच १० कोटींत लोक कोणते प्रश्न वारंवार विचारत आहेत याची नोंद करावी, आणि दर आठवड्याला प्रश्न, संबंधित विभाग, उत्तर व उत्तराची तारीख अशी यादी महासंवाद या आपल्या महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर उघडपणे प्रसिद्ध करावी. ज्या प्रश्नाचे उत्तर अजून ठरलेले नसेल तिथे 'विचाराधीन आहे, अमुक तारखेपर्यंत कळवू' असे लिहावे. सप्टेंबरात हे एक वाक्य आले असते तर आमच्या गावात लाल अक्षरांवर कोणी विश्वास ठेवला नसता.

२८ जुलै २०२५ च्या सूचनांत दुरुस्ती करून असे स्पष्ट लिहावे की प्रसिद्ध झालेल्या शासन निर्णयाची माहिती गावातील गटांत देणे, ती समजावून सांगणे, खोट्या बातमीचे खंडन करणे आणि अंमलबजावणीतील अडचण दाखवून देणे यासाठी कोणत्याही परवानगीची गरज नाही आणि याला टीका समजले जाणार नाही. अंगणवाडी सेविका, आशा, शिक्षक, तलाठी आणि ग्रामसेवक यांचा त्यात नावानिशी उल्लेख असावा, कारण नाव नसेल तर ती माणसे धजावणार नाहीत.

सामान्य लाभार्थ्यांशी संबंधित प्रत्येक निर्णयासोबत त्याच दिवशी एका पानाचा सोप्या मराठीतील गोषवारा आणि दोन मिनिटांची ध्वनिफीत प्रसिद्ध करावी, तिच्यावर निर्णयाचा क्रमांक आणि तारीख असावी, म्हणजे पुरावा मागणाऱ्या तरुणाला तो दाखवता येईल. प्रसिद्धीवरील खर्च योजनानिहाय आणि संस्थानिहाय दर तिमाहीला जाहीर करावा व पैसे देऊन करवून घेतलेल्या प्रत्येक मजकुरावर 'महाराष्ट्र शासनाची जाहिरात' असे लिहिणे बंधनकारक करावे. कोणताही मजकूर काढून टाकण्याची विनंती लेखी, कायद्याच्या कलमासह आणि अधिकाऱ्याच्या नावानिशीच करता येईल असा आदेश काढावा, तोंडी दबाव ही गैरवर्तणूक मानावी, आणि अशा विनंत्यांची संख्या दरवर्षी विधिमंडळासमोर ठेवावी. इंटरनेट बंद करावे लागलेच, तर आदेशाची प्रत कारणांसह तलाठी कार्यालयाच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर त्याच दिवशी लावावी.

या पत्राचे उत्तर मला टपालाने पाठवू नये ही विनंती. ते मराठीत, उघडपणे आणि शक्य झाल्यास बोललेल्या स्वरूपातही द्यावे. मी ते आमच्या गटात जसेच्या तसे टाकीन, ते मान्य असो वा नसो, आणि चार घरे सोडून राहणाऱ्या त्या बाईला तिच्या ओट्यावर बसून ऐकवीन.

आपली,
गटाची ॲडमिन आणि निवृत्त प्राथमिक शिक्षिका